आवाजाच्या पुढे धावणारे विमान

हवेतून जाणारी कोणतीही वस्तू समोरच्या हवेला दाबते आणि त्या दाबाची लहर ध्वनीच्या वेगाने सर्व दिशांना पसरते. 20 अंश सेल्सिअस तापमानाला हा वेग ताशी सुमारे 1,235 किलोमीटर असतो. हवा थंड होईल तसा तो उतरतो आणि 11 किलोमीटर उंचीवर, जेथे तापमान उणे 56 अंशांच्या आसपास असते, तेथे तो ताशी सुमारे 1,062 किलोमीटर भरतो. म्हणून विमानाचा वेग तेथल्या ध्वनिवेगाच्या किती पट आहे हे पाहतात, आणि या गुणोत्तराला ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांच्या नावावरून ‘माख अंक’ म्हणतात. तो एकाहून कमी असल्यास वेग अवस्वनी, अधिक असल्यास स्वनातीत.

अवस्वनी विमानाच्या लहरी त्याच्या पुढे धावत असल्याने समोरच्या हवेला आधीच वर्दी मिळते आणि ती बाजूला सरू लागते. स्वनातीत विमान मात्र स्वतःच्याच लहरींना मागे टाकते. मग त्या एकमेकींवर साचतात आणि होडीच्या नाळेपासून फाकत जाणाऱ्या लाटांप्रमाणे विमानामागे शंकूच्या आकाराचा आघात-तरंग उभा राहतो, ज्याच्या कडेवर हवेचा दाब क्षणार्धात चढतो. ही कड जमिनीवरून सरकत जाते तेव्हा स्फोटासारखा आवाज ऐकू येतो, आणि नाकाचा व शेपटीचा तरंग वेगवेगळा पोहोचल्यामुळे तो पुष्कळदा जोडीने येतो.

चक येगर यांनी 14 ऑक्टोबर 1947 रोजी ‘बेल एक्स-1’ या विमानातून माख 1.06 इतका वेग गाठला, तेव्हापासून ‘ध्वनीची भिंत फोडली’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. पण त्यामुळे हा स्फोट मर्यादा ओलांडण्याच्या क्षणी एकदाच होतो असा चुकीचा समज पसरला. वास्तविक वेग स्वनातीत असेपर्यंत ही कड विमानामागून अखंड ओढली जाते आणि वाटेवरच्या प्रत्येक गावाला आपापल्या वेळी तो दणका बसतो. ध्वनीच्या दुप्पट वेगाने 15 किलोमीटर उंचीवरून जाणारे विमान, हवेचे तापमान सर्वत्र सारखे मानल्यास, डोक्यावरून सुमारे 26 किलोमीटर पुढे गेलेले असते तेव्हा कुठे त्याचा आवाज खाली पोहोचतो.

पोतराजाचा आसूड कडाडतो त्यामागेही हेच तत्त्व आहे, कारण मुठीकडून निघालेला झोल निमुळत्या टोकाकडे जाताना इतका वेग घेतो की टोक ध्वनीच्या पुढे जाते, आणि तो कडाका अंगावर नव्हे तर हवेतच उमटतो.