शिट्टीवाल्याला हाक मारू नका

सेवाग्रामजवळ रुळावर टोळी काम करताना दिसते. सगळे वाकलेले, एकजण मात्र शिट्टी अन् झेंडी घेऊन नुसता उभा. आम्ही म्हणायचो, कामचुकार दिसतो! पण तेच त्याचं काम. हत्याराला हात लावायचा नाही, फक्त गाडीवर नजर ठेवायची. ताशी 100 किलोमीटरची गाडी एका सेकंदात जवळपास 28 मीटर पुढं येते. वाकलेल्याला ती दिसत नाही.

रूळ बदलायचा असला तर 600 मीटरवर लाल पताका आडवी बांधतात, 1200 मीटरवर रुळावर तीन फटाके लावतात. चाकाखाली आवाज झाला की ड्रायव्हर गाडी थांबवतो.

म्हणून शेतातून त्या शिट्टीवाल्याला हाक मारू नका, वेळही विचारू नका. पाणी द्यायचंच असेल तर मुकादमाला सांगा.