जखमींना परत आणणारा जवान





आपल्या नवेगावच्या नावातच बांध आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधले पाणी अडवले आणि पुढच्या पिढ्यांच्या धानाची सोय करून ठेवली. म्हणून बांध म्हटला की आपल्याला पीक आठवते. आज मात्र मी आपल्याला परक्या मुलखातल्या एका बांधाची हकीकत सांगणार आहे. त्या बांधावर आपल्या महाराष्ट्रातल्या एका शेतकरीपुत्राची कसोटी लागली.

त्यांचे नाव नामदेव जाधव. जन्म १८ नोव्हेंबर १९२१ चा, संगमनेर तालुक्यातील निमज या गावी, शेतकरी कुटुंबातला. दुसऱ्या महायुद्धात ते मराठा पलटणीत शिपाई होते. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदी ओलांडण्याचा हुकूम झाला. नदीला दोन्ही बाजूंनी पूर अडवण्यासाठी उंच बांध घातलेले होते. शेतीच्या रक्षणासाठी उभारलेल्या त्याच बांधांत जर्मन सैन्याने मशीनगन बसवल्या होत्या आणि सुरुंग पेरले होते.

नामदेव हे कंपनीचे निरोप पोहोचवणारे जवान. पाण्यातून पलीकडे पोहोचताच तीन ठाण्यांवरून गोळीबार झाला. कंपनी कमांडर आणि दोन जवान जखमी झाले; तुकडीतले बाकीचे ठार झाले. एकटे नामदेव धड राहिले. त्यांनी काय केले? एका जखमीला उचलले, भर गोळीबारात खोल पाण्यातून, निसरड्या चढावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले. मग पुन्हा नदीत उतरले आणि दुसऱ्याला घेऊन आले. त्यानंतर तिसऱ्यांदा ते बांध ओलांडून गेले, ते शत्रूवर चालून जाण्यासाठी. हाताला जखम होऊन बंदूक चालेना, तेव्हा ती टाकून त्यांनी हातबॉम्ब घेतले. तिन्ही ठाणी गप्प केली आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना करीत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. या पराक्रमाबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हा सर्वोच्च सन्मान मिळाला. तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस होते.

मित्रहो, क्रम नीट ध्यानात घ्या. आधी जखमी, मग शत्रू. त्या जखमींच्याही घरी कोणीतरी वाट पाहत असेलच. एक जीव वाचवण्याला आपल्या धर्मात केवढे मोल आहे, हे आपण जाणताच.

याच नदीवर, याच दिवशी, दुसऱ्या एका जवानालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते होते कोहाटकडचे पठाण, अली हैदर. त्यांच्या तुकडीतले तिघेच पलीकडे पोहोचू शकले. जखमी होऊनही त्यांनी दोन ठाणी जिंकली. दोघांची डिव्हिजन एकच, आठवी भारतीय. पुढे १९४७ साली दोघांची गावे दोन देशांत गेली. पण सेनिओच्या पाण्यात उतरताना एकाची भाषा मराठी आणि दुसऱ्याची पश्तो, एवढाच काय तो फरक होता.

नामदेव जाधव २ ऑगस्ट १९८४ रोजी निवर्तले, अली हैदर १९९९ साली. त्यांची नोंद सरकारदरबारी झाली, म्हणून ती मला आज सांगता आली. परंतु अशी कितीतरी माणसे पलटणीतून परतली, नांगर धरला, मुलांना शाळेत घातले आणि काही न बोलता गेली. त्यांची कागदावर एक ओळसुद्धा नाही.

म्हणून विद्यार्थ्यांनो, तुम्हाला एक काम सांगतो. आपल्या गावात, शेजारच्या गावात १९६५ किंवा १९७१ च्या लढाईत गेलेले कोणी आजोबा असतील, तर त्यांच्याकडे जा. त्यांचा धर्म, जात विचारू नका. त्यांची पलटण विचारा, तिथून घरी काय लिहीत होते ते विचारा, परतल्यावर पहिले पीक कोणते घेतले ते विचारा आणि वहीत लिहून ठेवा. पालकांनो, मुलांबरोबर आपणही जा. ही माणसे आता थोडी उरली आहेत, आणि त्यांच्या आठवणी त्यांच्याबरोबरच जातात.

खुदा हाफिज.