भिशीचे पैसे आणि विजेचे बिल



गेल्या गुरुवारी वर्ग सुटताना एका ताईंनी मला गाठले. म्हणाल्या, "भाऊ, भिशीचे ३,००० रुपये हाती आलेत. विजेचे बिल उतरेल असे काय घेऊ? जावई म्हणतात, पंखा बदला. शेजारीण म्हणते, पत्र्याला पांढरा रंग द्या." पैसा कष्टाचा आहे आणि तो एकदाच खर्च होणार. म्हणून आज त्यांचाच हिशेब मांडू या.

प्रत्येक वस्तूवर वॅटचा आकडा लिहिलेला असतो. तो आता तुम्हांला वाचता येतो. १,००० वॅटची वस्तू एक तास चालली, की एक युनिट वीज खर्च होते. १०० वॅटच्या वस्तूला एक युनिट दहा तास पुरते. झाले, एवढेच गणित!

ताईंच्या घरी महिन्याला १३० युनिट जळतात. घरात ६० वॅटचे दोन जुने पिवळे दिवे आहेत. ते रोज पाच तास लागतात. महिन्याचे १८ युनिट झाले. त्यांच्या जागी ९ वॅटचे एलईडी दिवे लावले, तर तीनच युनिट लागतील. वाचले १५. खर्च मात्र दोनशे रुपयांच्या आसपास.

आता पंखा. जुना पंखा ७५ वॅटचा. रोज बारा तास फिरला, तर महिन्याला २७ युनिट. कमी विजेच्या नव्या पंख्याला दुकानात बीएलडीसी म्हणतात. तो सुमारे ३० वॅट घेतो. त्याला ११ युनिट पुरतात. वाचले १६. पण त्याला अडीच हजार तरी मोजावे लागतात. मग आधी काय घ्यायचे, ते तुम्हीच सांगा!

जावयांचे म्हणणे खोटे नाही. दिवे बदलले की मग पंखा घ्यावाच. का, ते सांगतो. महावितरणच्या घरगुती दरात पहिले १०० युनिट स्वस्त असतात. पुढच्या युनिटांचा दर जवळजवळ दुप्पट होतो. ताईंचे १५ आणि १६ मिळून ३१ युनिट वाचले, की उरतात ९९. म्हणजे वाचले ते बहुतेक सगळे महागातले! एका युनिटाचे दहा रुपये धरा. महिन्याला तीनशे रुपये सुटले. थंडीत पंखा बंद असतो, तेव्हा थोडे कमी.

राहिला पत्रा. चुन्याची पांढरी सफेदी उन्हाला परतवते. दुपारी खोली कमी तापते, लेकरू निजते. बिल मात्र फारसे उतरणार नाही. उरलेल्या तीनशे रुपयांत चुना जरूर आणा, पण तो सुखासाठी.

छपरावर सूर्याची वीज घेण्यासाठी २०२४ साली केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना सुरू झाली. एका किलोवॅटला ३०,००० रुपये मदत ठरली. पण छप्पर स्वतःचे हवे आणि वरचे पैसे आपले. वापर १०० च्या आत आला असेल, तर त्यासाठी कर्ज काढण्याची घाई नको.

माझी फजितीही ऐका. मी एक जुना फ्रीज स्वस्तात आणला. पुढच्या महिन्यात बिल चढले. मी मीटरलाच नावे ठेवीत बसलो! मग एका शेजाऱ्याने फ्रीजच्या दारात कागद धरून दार लावले. कागद सहज ओढून निघाला. दाराचे रबर गेले होते. थंडावा बाहेर जाई आणि फ्रीज दिवसरात्र घुरघुरत राही. रबर बदलले तेव्हा कुठे तो गप्प झाला. जुना फ्रीज असेल, तर आज रात्री कागद लावून पाहा.

येत्या गुरुवारी प्रत्येकाने आपले बिल आणा. मागील रीडिंग कोठे छापले आहे, चालू रीडिंग कोठे, ते शोधू आणि वजाबाकी करू. ताई, तुमचे बिल आधी घेऊ.