मोरस साखरेचा देश



सकाळी साताऱ्याहून निघालो, तो सांगलीपर्यंत ऊस सोबतीला होता. उसाच्या या मुलखात आज मला उसानेच घडवलेल्या एका बेटाबद्दल बोलायचे आहे. आपले जुने लोक पांढऱ्या साखरेला 'मोरस' म्हणत. हा शब्द मॉरिशसवरून आला. तिथली साखर आपल्या बाजारपेठांत येत होती आणि ती पिकवणाऱ्या मजुरांत आपलीही माणसे होती.

डच, फ्रेंच आणि १८१० पासून इंग्रज अशा तीन सत्ता त्या बेटाने पाहिल्या. उसाच्या मळ्यांत राबत होते ते आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेले गुलाम. १८३५ मध्ये तिथली गुलामगिरी कायद्याने संपली आणि मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला सुरुवात केली. पहिली तुकडी आदल्या वर्षीच, २ नोव्हेंबर १८३४ ला, कलकत्त्याहून पोहोचली होती. पुढे जवळजवळ साडेचार लाख लोक गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडचे बहुसंख्य, पण घाटावरचेही होते. पोर्ट लुईच्या ज्या पायऱ्या चढून ते बेटावर आले, तो अप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे.

या लोकांनी सोबत काय नेले? पोथ्या फारशा नसतील, वाचता येणारेही थोडेच. त्यांनी नेला तो देव्हारा, गोंधळ आणि जाखडी. लग्नानंतर गोंधळ घालायची चाल तिथल्या मराठी घरांत टिकली. कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' झाली आणि गणपतीपुढे नाचली जाते. हेन्रिएटा गावात १८९६ मध्ये गणेशोत्सव झाल्याची आठवण तिथले मराठी लोक अभिमानाने सांगतात. आज गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुटी असते.

भाषेचे मात्र तसे झाले नाही. घरात, बाजारात क्रिओल बोलली जाते. ती फ्रेंच शब्दांतून आणि गुलामांच्या जिभेतून घडलेली बोली. मराठी शाळेत शिकावी लागते आणि दरवर्षी नाट्यमहोत्सवात रंगमंचावर ऐकू येते. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी याच सांगलीत मराठी नाटक उभे केले, म्हणून हे तुम्हाला मुद्दाम सांगतो. जी मुले घरी क्रिओल बोलतात, ती मराठी संवाद पाठ करून उभी राहतात. माझ्या मते हे प्रेम आपल्यापेक्षा कसदार आहे, कारण ते कष्टाने मिळवलेले आहे.

पण मराठी माणूस तिथे एकटा राहिला नाही, हे मला अधिक मोलाचे वाटते. शेजारी भोजपुरी, तमिळ, तेलुगू, मुसलमान, चिनी, क्रिओल. तमिळ लोक थायपूसमला कावडी घेऊन मुरुगनच्या देवळाकडे चालतात. शिंगणापूरचा मुंगी घाट कावडीसह चढणाऱ्यांना ते दृश्य परके वाटणार नाही. आपल्या पाडव्याच्या दिवशी तेलुगूंची उगादी, तीही सार्वजनिक सुटी. आणि सेगा! गुलामांच्या वेदनेतून जन्मलेले ते नृत्यगीत २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत आले. त्याचे वाद्य रवान, म्हणजे लाकडी कड्यावर ताणलेले बकऱ्याचे कातडे. वाजवण्याआधी ते जाळावर शेकतात. आपला हलगीवाला दुसरे काय करतो? जाळ तोच, कातडे तेच. त्या बेटावर संस्कृती एकमेकींना भेटल्या त्या अशा, राबणाऱ्यांच्या हातांतून.

म्हणूनच गळीत हंगामात बीडकडून आपल्या फडात येणाऱ्या कोयत्यांकडे, म्हणजे ऊसतोड जोडप्यांकडे, पाहताना मला मॉरिशसला मजूर नेणारी ती जहाजे आठवतात. या कोयत्यांच्याही पालांत गाणी असतात, देव असतात. ती आपण कधी बसून ऐकली?

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत या मजुरांची नोंदपुस्तके जपलेली आहेत. माणसाचे नाव, बापाचे नाव, गाव, आणि कित्येकांची छायाचित्रेही. कुठे बापाचे नाव पुढच्या पिढीचे आडनाव होऊन बसले, त्यामुळे इथले आडनाव तिथे सापडत नाही, पण गाव सापडू शकते. तेव्हा एक विनंती करतो. आज घरी गेल्यावर थोरल्या माणसांना विचारा, आपल्या भावकीत कुणी 'मोरसला' किंवा समुद्रापार गेल्याचे ऐकले आहे का. जे कळेल ते वहीत लिहून ठेवा, गावाच्या नावासकट.