संधिवाताची औषधं आणि तोंडाचं आरोग्य



संधिवाताचे रुग्ण तपासायला येतात, तेव्हा बोटं पुढे करतात, गुडघा दाखवतात, सकाळी उठल्यावर किती वेळ आखडायला होतं ते सांगतात. ते सगळं पाहून झालं की मी टॉर्च हातात घेते आणि त्यांना ‘आ’ करायला सांगते. पुष्कळांना याचं नवल वाटतं. दुखणं हाताचं आणि डॉक्टर तोंडात काय बघतात? आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

वयानुसार सांध्यांची झीज होऊन जे दुखणं लागतं, त्याविषयी मी बोलत नाही. माझा विषय आहे आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवात. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. पुरुषांपेक्षा बायकांना हा आजार दोन ते तीन पट अधिक होतो. या उलटलेल्या शक्तीला आवर घालणारं मुख्य औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत ज्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते, तिथे या औषधाची घडण झाली. आधी ते रक्ताच्या कर्करोगावर वापरलं गेलं. पुढे १९८८ साली, अगदी कमी मात्रेत, संधिवातासाठी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. १९९८ पासून बायॉलॉजिक इंजेक्शनंही आली. या औषधांमुळे असंख्य लोकांचे हात वाकडे होण्यापासून वाचले आहेत, हे आधी स्पष्ट सांगते.

मात्र प्रतिकारशक्तीला आवर घातला की त्याचा परिणाम सांध्यांपुरता राहत नाही. आपल्या तोंडात सतत जिवाणूंची वस्ती असते. हॉलंडच्या लेव्हेनहुक यांनी १६८३ साली स्वतःच्या दातांवरचं कीटण भिंगाखाली धरून ते जीव पाहिले होते. माणसाच्या तोंडात आढळणाऱ्या जिवाणूंच्या सुमारे ७०० जाती आज ठाऊक आहेत. शिवाय कॅन्डिडा नावाची बुरशीही अनेकांच्या तोंडात असते. एरवी हे सगळे आपल्याला त्रास देत नाहीत, कारण लाळ आणि प्रतिकारशक्ती मिळून त्यांना मर्यादेत ठेवतात. संधिवाताच्या काही रुग्णांना लाळच कमी सुटते, घास गिळताना पाण्याचा घोट घ्यावा लागतो. त्यात स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असली की बुरशीला मोकळं रान मिळतं. गालाच्या आतल्या बाजूला, जिभेवर दह्याच्या कवडीसारखे पांढरे चट्टे दिसतात. गॉजच्या तुकड्यानं पुसले की ते निघतात आणि खाली लालभडक, हुळहुळणारी त्वचा उघडी पडते. वेळेवर दाखवलं तर साध्या औषधानं हे बरं होतं.

आता उलट बाजू पाहू. हिरड्यांचा जुनाट आजार आणि आमवात हे दोन्ही एकाच व्यक्तीत बऱ्याचदा सापडतात. हिरड्या सुजवणारा पॉर्फिरोमोनास जिंजिवालिस नावाचा एक जिवाणू आहे. त्याच्याकडे असं एक विकर असतं, की ते प्रथिनांची रासायनिक घडण बदलून टाकतं. नेमक्या अशाच बदललेल्या प्रथिनांविरुद्ध आमवाताच्या बहुतेक रुग्णांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडतात. आपण ‘अँटी सीसीपी’ नावाची तपासणी करतो, ती याच प्रतिपिंडांची. २०१५ साली चीनमधल्या संशोधकांनी आमवाताच्या रुग्णांचे दात, लाळ आणि आतडं यांतले जिवाणू तपासले. ते निरोगी माणसांपेक्षा वेगळे निघाले, आणि औषधोपचारानंतर तो फरक काही अंशी भरून आला. २०२३ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात, हिरड्यांचा आजार असलेल्या आमवाताच्या रुग्णांच्या रक्तात तोंडातले जिवाणू पुन्हा पुन्हा आढळले. हिरड्यांमुळेच आमवात होतो, असं यावरून म्हणता येत नाही. पण तोंड आणि सांधे यांचा काही संबंध नाही, असंही आता कुणी म्हणू शकत नाही.

इथे एक धोक्याचा इशारा द्यायला हवा. १९१० च्या सुमारास पाश्चात्त्य वैद्यकात एक मत बोकाळलं की सांधेदुखीचं मूळ दातांत आणि टॉन्सिलमध्ये असतं. मग हजारो रुग्णांचे दात सरसकट उपटले गेले. या मताचे एक पुरस्कर्ते होते न्यूयॉर्कचे डॉ. रसेल सेसिल. त्यांनी सहकाऱ्यासोबत आमवाताच्या २०० रुग्णांचा आढावा घेतला आणि १९३८ साली जाहीर केलं की या उपायानं रुग्णांना फायदा होत नाही. म्हणून सांध्यांसाठी कुणी धडधाकट दात काढायला सांगितले, तर ते ऐकू नका.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायचं असतं. सोबत फॉलिक अॅसिडची गोळी असते. या दोन गोळ्यांची अदलाबदल होऊन मेथोट्रेक्सेट रोज घेतलं गेलं, तर ते जिवावर बेतू शकतं. त्याची पहिली खूण बहुधा तोंडातच दिसते. सगळीकडे फोड येतात, अन्नाचा घास गिळवत नाही. अशा वेळी ‘उष्णता वाढली’ म्हणून गुलकंद खात घरी बसू नका. मेथोट्रेक्सेटची पुढची गोळी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घ्या. एरवी मात्र कुठलंही औषध आपल्या मनानं बंद करू नका. स्टेरॉइड एकाएकी सोडणं तर फारच धोक्याचं.

दुसरी गोष्ट, या औषधांवर असताना जंतुसंसर्ग झाला तरी ताप किंवा सूज नेहमीइतकी दिसेलच असं नाही. हिरडीतून पू येतोय, दात हलतोय, ठणका लागलाय, यांपैकी काहीही असलं तरी ताप येण्याची वाट पाहू नका. दातांच्या डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या औषधांची चिठ्ठी न्या. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळी किंवा इंजेक्शन घेत असाल, तर तेही न विसरता सांगा. त्या औषधांमुळे दात काढल्यावर जबड्याची जखम क्वचित भरून येत नाही. शक्य असेल तर अशी औषधं आणि बायॉलॉजिक इंजेक्शनं सुरू होण्याआधीच दातांची राहिलेली कामं उरकून घ्या.

तिसरी गोष्ट रोजची. बोटं आखडलेली असली की ब्रशची बारीक दांडी मुठीत धरवत नाही. मग घासणं वरवर होतं आणि मागच्या दाढा तशाच राहतात. त्यावर सोपा उपाय आहे. दांडीभोवती जुन्या टॉवेलची पट्टी घट्ट गुंडाळा आणि वर रबरबँड लावा. दांडी जाड झाली की पकड बसते. पट्टी वरचेवर धुवा किंवा बदला. सकाळी हात चालत नसतील तर थोडं थांबून, बोटं मोकळी झाल्यावर घासा, पण रात्रीचं घासणं चुकवू नका. कवळी असेल तर रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवा. आणि मशेरी सोडा. आपल्याकडे कितीतरी बायका रोज हिरड्यांना मशेरी लावतात. ती तंबाखूच आहे आणि तोंडाला ती अपायच करते. पुरुषांच्या विडी-सिगारेटमुळे तर हिरड्यांच्या आजाराबरोबर आमवातही बळावतो.

माझ्या सहकारी डॉक्टरांनाही एक विनंती. सांधे तपासताना एकदा तोंड उघडून बघा, आणि दातांच्या डॉक्टरांना दोन ओळींची चिठ्ठी लिहा. रुग्ण एकच आहे, त्याची माहितीही दोघांकडे एकच असायला हवी. श्रोतेहो, पुढच्या वेळी सांध्यांच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका. तोंडाचं काही दुखणं असेल तर ते आपणहून सांगा.