हलकी मोटार आणि हलका खिसा

श्रीमंताची मोटार आणि शौकिनाची मोटार या दोन निराळ्या वस्तु आहेत. पहिली आपल्या धन्याला मुक्कामावर सुखानें पोंचविते. दुसरी मधला रस्ताच सुखाचा करते. इंग्लंड-अमेरिकेंत हा दुसरा शौक केवळ धनिकांचा कधींच नव्हता. कारकून, विद्यार्थी, मिस्त्री, शाळामास्तर अशा बेताच्या मिळकतीच्या माणसांनीं तो जोपासला. जुनी दोन आसनी मोटार स्वस्तांत घ्यावयाची आणि रविवारच्या सुटींत तिच्याखालीं उताणें निजून तिची चाल सुधारावयाची, अशी एक परंपराच तेथें निर्माण झाली. या परंपरेंत पैसा वाया जातो तो बहुधा एकाच ठिकाणीं, आणि थोड्या पैशांत पुष्कळ पदरांत पडतें तेंहि त्याच ठिकाणीं. तें ठिकाण म्हणजे मोटारीचें सस्पेन्शन.

चाकें आणि मोटारीचा सांगाडा यांच्यामधील साऱ्या जोडणीस सस्पेन्शन म्हणतात. धक्का पोटांत घेणाऱ्या स्प्रिंगा, त्या स्प्रिंगांची उसळी आवरणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, चाक धरून ठेवणारे पोलादी हात, आणि त्या हातांच्या सांध्यांत बसविलेले रबरी बुश, एवढा हा परिवार असतो. बसणाऱ्याला धक्के लागूं नयेत एवढाच याचा उपयोग, असा सामान्य समज आहे. टांग्याचे पाटे त्यासाठींच असतात, हें खरें. पण वेगानें धांवणाऱ्या मोटारीच्या बाबतींत याहून महत्त्वाचें दुसरें एक काम आहे. मोटार जमिनीस टेकते ती चार तळहातांएवढ्या रबरावर. वळण घेणें, थांबणें आणि जीव वांचविणें, हें सारें या चार तळहातांच्या जोरावर चालतें. ते रस्त्यावरून सुटूं न देणें हें सस्पेन्शनचें खरें काम.

थोड्या पैशांत हें काम साधण्याची खटपट किती जुनी आहे, हें एका प्रसिद्ध उदाहरणावरून दिसेल. दुसरें महायुद्ध संपलें त्या सुमारास इंग्लंडांत नवी मोटार मिळणें दुरापास्त होतें. परंतु १९२२ ते १९३९ या काळांत निघालेल्या ऑस्टिन सेव्हन या चिमुकल्या मोटारी जुन्या बाजारांत सहज मिळत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत इंजिनियरिंग शिकणाऱ्या कॉलिन चॅपमन या तरुणानें अशीच एक ऑस्टिन घेऊन १९४८ सालीं तिच्यावर आपली पहिली मोटार उभी केली. त्याचा कारखाना म्हणजे भावी पत्नीच्या वडिलांचें गॅरेज. त्या काळच्या स्वस्त इंग्रजी मोटारींचा पुढचा आंस अखंड असे. त्यामुळें एक चाक दगडावर चढलें कीं दुसरेंहि कलंडे. त्यावर लेस्ली बॅलमी या इंग्रज कारागिरानें एक युक्ति रूढ केली होती. आंस मधोमध कापावयाचा आणि त्याचे दोन अर्ध मध्यभागीं बिजागरीवर टांगावयाचे. म्हणजे प्रत्येक चाक आपापल्या खड्ड्यापुरतें हलूं लागतें. चॅपमनच्या १९५२ सालच्या ‘लोटस मार्क सिक्स’ मोटारीचा पुढचा आंस असाच कापलेला, मूळचा फोर्डचा होता.

करवत, जोडकाम आणि दोन सांधे एवढ्यावर चाकें स्वतंत्र झालीं, ही कमाई लहान नव्हे. मात्र तिची किंमत निराळ्या रूपानें द्यावी लागे. बिजागरीवर झुलणारें चाक वरखालीं होतांना तिरपें होतें, आणि तिरपें चाक वळणावर पुरतें टेकत नाहीं. म्हणून पुढें साधनें वाढल्यावर लोटसच्या मोटारींनीं ही युक्ति सोडून दिली. १९६२ सालच्या ‘लोटस एलन’ मध्यें चॅपमननें धरलेला मार्ग तर नवख्या माणसाला आजहि उलटा वाटतो. मोटार शर्यतीच्या घराण्यांतली, पण स्प्रिंगा मऊ! चाकाला वरखालीं जावयास जागा भरपूर, आणि तें जाणेंयेणें ताब्यांत ठेवणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर मात्र नेमके. मोटार कडक असली म्हणजे ती रस्ता धरते, ही समजूत एलननें खोटी ठरविली.

याच एलनचा आदर्श पुढें ठेवून जपानच्या माझ्दा कंपनीनें ‘एमएक्स-५’ ही दोन आसनी उघडी मोटार घडविली आणि १९८९ च्या फेब्रुवारींत शिकागोच्या प्रदर्शनांत मांडली. अमेरिकेंत तिला ‘मियाटा’ म्हणतात. वजन टनाच्या आंतबाहेर, आणि चारहि चाकांना दुहेरी विशबोनची, म्हणजे वर एक व खालीं एक अशा दोन हातांची जोडणी. घोडा आणि स्वार यांनीं एकजीव व्हावें, अशा अर्थाचें जपानी वचन तिच्या रचनाकारांनीं ब्रीद म्हणून स्वीकारलें होतें. २०१६ सालीं या नांवाची दहा लाखावी मोटार कारखान्यांतून बाहेर पडली. पहिल्या पिढीच्या मोटारी १९९७ पर्यंत निघाल्या. म्हणजे त्यांतली सर्वांत धाकटीहि आज पाव शतकाहून जुनी आहे. परदेशांतल्या बेताच्या मिळकतीच्या शौकिनाच्या हातीं पडते ती बहुधा असलीच म्हातारी.

ती हातीं येतांच तरुण मालकाला पहिला मोह पडतो तो तिला बुटकी करण्याचा. बुटकी मोटार दिसावयास ऐटदार. शिवाय तिचा गुरुत्वमध्य खालीं येतो, म्हणजे ती वळणावर अधिक चांगली धांवणार, असा त्यावर शास्त्राचा मुलामाहि असतो. नव्या आंखूड स्प्रिंगांना पैसे नसले, तर मूळच्या स्प्रिंगेचा एक वेढा कापून टाकण्याचा सल्ला देणारा मित्र प्रत्येकाला असतोच.

या शास्त्राचा हिशेब एकदां करून पाहण्याजोगा आहे. मोटार व चालक मिळून १००० किलो वजन, गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंच, आणि डाव्या-उजव्या चाकांतील अंतर १४० सेंटिमीटर, असें धरावें. गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट ओढ्याचें भरधांव वळण घेतलें, तर आंतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारें २५७ किलो भार सरकतो. आतां मोटार अडीच सेंटिमीटरनीं खालीं आणली, तर हा आंकडा २४३ वर येतो. कमाई झाली ती चौदा किलोंची! आणि या हिशेबांत स्प्रिंगेच्या कडकपणाचें कोठें नांवहि नाहीं. स्प्रिंग कडक केल्यानें मोटार कलते कमी. सरकणारा एकूण भार तेवढाच राहतो.

या चौदा किलोंसाठीं गमावलें काय, तें आतां पाहावें. चाकाला वर जावयास असलेली मुळांतच तुटपुंजी जागा अडीच सेंटिमीटरनीं कमी झाली. ही जागा जेथें संपते तेथें शॉकच्या दांड्यावर स्पंजासारख्या रबराचा एक गट्टू बसविलेला असतो. त्यास बंप स्टॉप म्हणतात. चाक त्यावर आदळलें कीं मऊ सस्पेन्शन एका क्षणांत दगडासारखें होतें. आठ वेढ्यांच्या स्प्रिंगेचा एक वेढा कापला, तर ती सुमारें चौदा टक्के कडक होते. पण हरवलेली जागा भरून काढावयास तेवढा कडकपणा पुरत नाहीं. त्यांतच कापलेलें टोक आपल्या बैठकींत सपाट बसत नाहीं, तें वेगळेंच. पावसानें ओला झालेला रस्ता, वळण आणि वळणाच्या मध्यावर एक उंचवटा, असा योग येतो. मागचें बाहेरचें चाक गट्टूवर आदळतें, मोटारीच्या मागच्या भागाची पकड एकाएकीं सुटते, आणि ती स्वतःभोंवतीं फिरते. समोरून वाहन येत नसेल तर ती गोष्ट पुढें मित्रांत हंसून सांगितली जाते. येत असेल तर ती दुसऱ्यांना सांगावी लागते.

मग हातीं थोडेच पैसे असतील तर ते कोणत्या क्रमानें खर्चावे? या विद्येंत मुरलेले लोक जो क्रम सांगतात तो ऐकावयास अगदीं नीरस आहे. नवें कांहीं बसविण्यापूर्वीं जुनें झिजलेलें बदलावें. त्यांतहि जमिनीपासून आरंभ करून वर चढावें.

जमिनीला टेकतो तो टायर. म्हणून पहिला पैसा टायरवर. टायरची नक्षी शाबूत असली तरी रबर वयानें कठीण होतें. त्याच्या बाजूवर चार आंकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा. क्वचित् फिरणाऱ्या शौकाच्या मोटारींत नवे दिसणारे पण दहा वर्षांचे टायर पुष्कळदां आढळतात. अशा टायरांवर भारी किंमतीचें सस्पेन्शन बसविणें म्हणजे फुटक्या घागरीला चांदीचें झांकण करणें होय.

त्यानंतर सांधे. तीस वर्षें ऊन, पाणी आणि तेल सोसलेले रबरी बुश फाटलेले किंवा सैल झालेले असतात. चाक कोणत्या दिशेला रोखलें आहे हें मग त्याचें त्यालाच ठाऊक नसतें. बुशांना पैसे थोडे, पण मेहनत फार लागते. इंग्लंडसारख्या दमट देशांत बोल्ट गंजून बुशांच्या आंतच जखडलेले निघतात. येथें एक बारीकशी गोष्ट चुकली तर सारे श्रम फुकट जातात. मोटार उचललेली असतां चाकें खालीं लोंबत असतात. त्याच स्थितींत बोल्ट आंवळले, तर मोटार खालीं ठेवतांच नवें रबर कायमचें पिळलेलें राहतें आणि थोड्याच दिवसांत फाटतें. म्हणून शेवटचें आंवळणें मोटारीचा भार चाकांवर घेऊनच करावयाचें असतें.

सांधे घट्ट झाले कीं चाकांचे कोन जुळवून घ्यावे. मियाटाच्या चारहि चाकांशीं कोन बदलण्यासाठीं खास बोल्ट ठेवलेले आहेत. ही सोय पुष्कळ मोठ्या मोटारींतहि नसते. अलाइनमेंटच्या एका खेपेच्या मजुरींत मोटारीचा स्वभाव पालटतो. ज्याच्याजवळ याहून अधिक पैसे नाहींत त्यानें येथें थांबावें आणि वर्षभर मोटार चालवावी. आपली मोटार मुळांत किती गुणी होती, याचा पुष्कळांना तेव्हां प्रथमच पत्ता लागतो.

चौथी पायरी शॉक अ‍ॅब्सॉर्बरची. ज्यांतून तेल पाझरत आहे, किंवा एका उंचवट्यानंतर ज्यांच्यामुळें मोटार दोन-तीनदां डुलत राहते, ते निकामी समजावे. संकटांतली बचत येथें करूं नये. उंची कमीजास्त करण्याचे आटे असलेले चकचकीत स्वस्त संच बाजारांत विपुल मिळतात. परंतु शॉकचा गुण त्याच्या आंतल्या झडपांत असतो, आणि झडपा बाहेरून दिसत नाहींत. कोनाकोपऱ्यांतल्या दहा स्क्रूंपेक्षां नामांकित कारखान्याचे साधे, न फिरणारे चार शॉक बरे. याच वेळीं बंप स्टॉप नवे घालावे. पहिल्या पिढीच्या मियाटांत शॉकच्या माथ्यावरील बैठक अशी आहे कीं चाकाची कांहीं चाल तिच्यामुळें अडते. १९९८ पासून विक्रीस आलेल्या दुसऱ्या पिढींत ती सुधारली. मोडींत निघालेल्या दुसऱ्या पिढीच्या मोटारीवरून या चार बैठकी आणून थोड्या जुळवाजुळवीनें पहिल्या पिढीच्या मोटारीला बसवितां येतात. चाकाची चाल वाढविण्याचा इतका स्वस्त उपाय दुसरा नसेल.

यानंतर उरलेल्या पैशांत मोटारीचें कलणें आवरणारी जाड आडवी सळई, म्हणजे अँटी-रोल बार, घेण्यास हरकत नाहीं. पण तिचें गणित विसरूं नये. सळईचा जोर जाडीच्या चौथ्या घातानें वाढतो. १९ मिलिमीटरच्या जागीं २२ मिलिमीटरची सळई घातली, तर जाडी दिसते थोडीशीच अधिक, पण जोर होतो जवळजवळ दुप्पट. म्हणजे १.८ पट! जी बाजू अशी ताठ होते तिची पकड दुसरीच्या मानानें घटते. केवळ पुढें जाड सळई घातली तर मोटार वळणांत नाक बाहेर काढते. केवळ मागें घातली तर शेपूट फेंकते. म्हणून एका वेळीं एकच बदल करावा, त्याच रस्त्यावर, त्याच वेगानें मोटार चालवून पाहावी, आणि काय वाटलें तें वहींत टिपून ठेवावें. वहीची किंमत या साऱ्या सामानांत सर्वांत कमी, आणि उपयोग सर्वांत टिकाऊ. स्प्रिंगा बदलण्याची पाळी येते ती सर्वांच्या शेवटीं, आणि त्याहि शॉकच्या ताकदीशीं जुळतील अशाच.

काटकसरीला एकच गोष्ट वर्ज्य आहे. उचललेल्या मोटारीखालीं केवळ जॅकच्या भरंवशावर कोणीं शिरूं नये. भक्कम घोडे लावल्यावांचून हात आंत घालूं नये. दाबून धरलेल्या स्प्रिंगेंत माणसाचें हाड मोडण्याइतका जोर सांठलेला असतो. ती सोडविण्याचें बरें हत्यार जवळ नसेल, तर तेवढें काम मिस्त्र्याला पैसे देऊन करवून घ्यावें. तो खर्च खर्चच नव्हे.

या क्रमानें गेलेल्या माणसाची मोटार बाहेरून पाहणाऱ्याला पूर्वीसारखीच दिसते. ती बुटकी नसते, तिच्या चाकांत रंगीत स्प्रिंगा चमकत नाहींत. पण ओल्या वळणावर मधला उंचवटा येतो तेव्हां तिचें मागचें चाक वर उचलतें, शांतपणें खालीं येतें, आणि आंत बसलेल्या माणसाचें वाक्यहि अर्धवट तुटत नाहीं. खर्च झालेला पैसा कोठें गेला, हें त्या वेळीं त्या एकट्यालाच कळतें.