काळ, काम, वेग आणि बंदरातला एक दिवस

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही दिला आहे : "तुम्ही अकराजण क्रूझला गेला होतात, त्याबद्दल सांग." जहाजावरच्या जेवणाबद्दल आणि रात्रीच्या कार्यक्रमांबद्दल बाकीचे दहाजण भेटेल त्याला सांगतच असतात. त्यात मी भर घालत नाही. आपल्यातले आणखी काहीजण पुढच्या वर्षी निघायच्या बेतात आहेत, त्यांच्या उपयोगाची एकच गोष्ट सांगते. जहाज बंदराला लागलं की त्या दिवशी गाइडबरोबर जायचं, की आपलं आपण फिरायचं?

प्रश्न लहान वाटतो. पण चाळीस वर्षांहून जुन्या आमच्या मैत्रीत पहिली कुरबुर झाली ती याच प्रश्नावरून. पहिल्याच रात्री जेवणाच्या टेबलावर दोन पक्ष पडले. एक म्हणाला, "एवढे पैसे भरून आलोय, आता शेळ्यामेंढ्यांसारखं झेंड्यामागे कशाला धावायचं?" दुसरा म्हणाला, "भाषा येत नाही, रस्ते माहीत नाहीत, जहाज सुटलं तर कोण जबाबदार?" दोन्ही बाजूंना मुद्दा होता. चुकत होतं ते एवढंच, की सगळ्या बंदरांसाठी सगळ्यांनी मिळून एकच उत्तर शोधायचं चाललं होतं.

आमचं जहाज बार्सिलोनाहून निघालं होतं. वाटेत इटलीतली तीन बंदरं होती. छापील कार्यक्रमात लिहिलं होतं : फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स. आता आपले भूगोलाचे सर इथे बसले आहेत, ते लगेच म्हणतील, फ्लॉरेन्सला समुद्र कुठून आला? बरोबर. जहाज लागतं लिव्होर्नोला, आणि फ्लॉरेन्स तिथून सुमारे ९० किलोमीटर आत आहे. 'रोम' म्हणजे प्रत्यक्षात चिवितावेक्किया नावाचं बंदर. तिथून रोम ७०-८० किलोमीटर. नेपल्सला मात्र जहाज थेट शहराच्या दारात उभं राहतं. बंदर आणि गाव यांच्यातलं हे अंतर आधी बघा. अर्धा निर्णय तिथेच होतो.

लिव्होर्नोला आम्ही सगळेच जहाजाच्या बसनं पिसा आणि फ्लॉरेन्सला जाऊन आलो. खरा पेच पडला तो रोमला.

तिथे आपलं शाळेतलं काळ, काम, वेगाचं गणित करावं लागतं, तेही उलटं. जहाज सकाळी ७ ला लागणार, संध्याकाळी ७ ला सुटणार. कागदावर बारा तास. पण शेवटचा प्रवासी ६ ला आत हवा. गाडीला उशीर होईल, रांग असेल, म्हणून आपण साडेचारलाच बंदरावर पोचायचं ठरवलं. म्हणजे रोमहून तीनच्या आत निघायचं. सकाळी उतरायला आठ वाजतात. मग बंदराची बस, मग स्टेशन, मग तासाभराची गाडी, म्हणजे रोमला पोचेपर्यंत दहा. बारा तासांतले हातात उरले पावणेपाच. हे गणित निघण्याआधी वहीत मांडा, तिथे स्टेशनवर उभं राहून नको.

आणि एक नियम पाठ करून ठेवा. जहाज कंपनीच्या सहलीची बस अडकली, तर जहाज तिच्यासाठी थांबतं, किंवा प्रवाशांना पुढच्या बंदरात पोचवायची जबाबदारी कंपनी घेते. आपलं आपण गेलेल्यांसाठी ते थांबत नाही, आणि पुढच्या बंदरापर्यंतचा खर्चही आपलाच. धक्क्यावर व्हॅन घेऊन उभे असलेले खाजगी गाइड पाच-सातजणांत स्वस्त पडतात, पण या नियमाच्या दृष्टीनं तेही 'आपलं आपण'च. जहाजाच्या सहलीला जास्त पैसे पडतात, त्यातला बराच भाग या हमीचा असतो.

रोमला सातजण बसनं गेले, आम्ही चौघं रेल्वेनं. बसवाल्यांना व्हॅटिकन म्युझियमची वेळ आधीच ठरलेली मिळाली, बाहेरची लांबलचक रांग चुकली. सिस्टाइन चॅपेलमध्ये बोलायला मनाई, म्हणून मायकेलअँजेलोनं १५०८ ते १५१२ या काळात रंगवलेल्या छतावर काय काय आहे, ते गाइडनं आत जाण्याआधीच समजावलं होतं. ते ऐकून गेल्यामुळे वर बघताना काय बघायचं ते कळलं, असं सगळे म्हणाले. मात्र कलोसियम त्यांनी बाहेरूनच पाहिलं.

आम्ही चौघं सान पिएत्रो स्टेशनवर उतरलो, सेंट पीटर्सच्या चौकात गेलो, मग चालत टायबर नदी ओलांडून पँथियनला. बस्स, एवढंच. पण पँथियनमध्ये आम्ही अर्धा तास नुसतं बसलो. घुमटाचा व्यास ४३ मीटर आणि जमिनीपासून त्याची उंचीही तेवढीच. माथ्यावर मोठं उघडं छिद्र. ऊन आत येतं, पाऊसही आत येतो. भिंतीवरचा उन्हाचा कवडसा आम्ही बसल्या जागी सरकताना पाहिला. गाइड असता तर दहा मिनिटांत "चला" म्हणाला असता, आणि त्यात त्याची चूक नसती. त्याला पस्तीस माणसं वेळेत परत न्यायची असतात.

या निमित्तानं बाईंची आठवण काढते, कारण त्या पहिल्या रांगेत आहेत. बाई, शाळेच्या सहलीत तुम्ही दर थांब्याला आम्हाला मोजायचात आणि आम्ही हसायचो. पाँपेईला आमच्या गाइडनं बसमध्ये तीनदा माणसं मोजली, तेव्हा कुणीही हसलं नाही. साठीला आल्यावर आपल्याला कुणीतरी मोजतंय याचं बरं वाटतं.

पाँपेईला आम्ही आठजण गेलो, आणि तिथे गाइड हवाच या मताची मी आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलेलं हे शहर ६६ हेक्टरांवर पसरलेलं आहे; त्याचा सुमारे तिसरा भाग अजून जमिनीखाली आहे. सांगणारा नसेल, तर तासाभरानं सगळ्या भिंती सारख्याच दिसू लागतात. रस्त्यात मध्येच मोठे दगड का? तर रस्त्यावरच्या पाण्या-चिखलात पाय न घालता पलीकडे जाता यावं म्हणून, आणि त्यांच्यामध्ये फट सोडली आहे ती गाडीच्या चाकांसाठी. ओट्यात गोल भोकं का? तर ती खानावळ होती, आणि त्या भोकांत जेवणाची मडकी बसवलेली असत. पँथियन न बोलता समजतं, पाँपेईला दुभाष्या लागतो.

पण आमच्यातल्या एकाच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेली. सगळे म्हणत होते, "तू तर गाइडबरोबरच चल, तुला सोपं जाईल." उलट आहे मंडळी. गाइडचा वेग पस्तीसजणांचा असतो, आपला नसतो; आणि तिथे सावली कमी, दगड उंचसखल. तो आणि सोबतीला एकजण टॅक्सीनं नेपल्समधल्याच पुरातत्त्व संग्रहालयात गेले. पाँपेईत सापडलेली कितीतरी भित्तिचित्रं, मोझेइक, भांडी तिथे ठेवली आहेत. दमलं की बसायचं, पुन्हा उठायचं. संध्याकाळी त्यानंच आम्हाला चार नव्या गोष्टी सांगितल्या.

अकरावी मैत्रीण. तिला विचारूनच हे सांगते आहे. पती गेल्यानंतरचा तिचा हा पहिलाच प्रवास. लिव्होर्नोला आणि रोमला ती मुकाट्यानं आमच्याबरोबर आली. नेपल्सच्या आदल्या रात्री म्हणाली, "उद्या मी एकटी जाते." टेबलावर एकदम कालवा झाला. एकटी कशी, फोन लागला नाही तर, घरच्यांना आम्ही काय सांगायचं! मी नकाशा उघडला. जहाजाच्या धक्क्यासमोरच मध्ययुगीन किल्ला आहे. तिथून थोडं चालत गेलं की १७३७ साली सुरू झालेलं सान कार्लो नाट्यगृह, त्याच्यासमोर काचेच्या छताची गॅलरी, पुढे प्लेबिशितोचा मोठा चौक. गाडी नको, तिकीट नको, आणि वाट चुकलीच तर समुद्राच्या दिशेला वळायचं. इथे हट्टानं अडवण्यासारखं काय होतं?

ती साडेनऊला गेली, दोनला परत आली. काय पाहिलंस विचारलं तर म्हणाली, "काउंटरपाशी उभी राहून कॉफी प्यायले. मग चौकात बसले. किती वेळ, ते मोजलं नाही. उठ म्हणणारं कुणी नव्हतं."

आमच्या अकराजणांत सगळ्यात मोठी अडचण भाषेची नव्हती, भिडेची होती. जुन्या मित्रांत माणूस "नको" म्हणायला कचरतो. म्हणून पुढे जाणाऱ्यांना माझं सांगणं : आपल्या स्वभावाकडे बघून ठरवू नका, बंदराकडे बघून ठरवा, आणि दर बंदराला नव्यानं ठरवा. विचारायचे प्रश्न तीनच. धक्क्यापासून ठिकाण किती लांब? ते ठिकाण आपलं आपल्याला कळेल, की सांगणारा लागेल? आणि आज आपल्याला कुणाच्या वेगानं चालायचंय?

आपलं आपण जाणार असाल तर घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. पासपोर्टची प्रत आणि जहाजाच्या स्थानिक एजंटाचा फोन नंबर खिशात असू द्या. इटलीत प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट असेल, तर चढण्यापूर्वी स्टेशनवरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या. आणि रेल्वेचा संप नाही ना, याची आदल्या दिवशी चौकशी करा.

अकराजण तीन वाटांनी गेले तरी रात्रीच्या जेवणाला टेबल एकच असतं. तीन ठिकाणच्या गोष्टी असल्या की त्या टेबलावर जास्त मजा येते, एवढं खात्रीनं सांगते. जाणाऱ्या सगळ्यांना शुभेच्छा. पुढच्या मेळाव्यात तुम्ही बोला, मी ऐकायला बसेन.